ताई, ती पाटी बंद करू नकोस

कोल्हापूर,
रविवार सकाळ



काल रात्री फोनवर तू विचारलंस, "संगणकावरची ती पाटी कायमची बंद करता येत नाही का रे?" आणि मी "उद्या सविस्तर लिहितो" म्हणून विषय थांबवला. नुसतं "नको" म्हटलं असतं तरी तू ऐकलं असतंस. माझ्या कामातलं मला कळतं, असं तू नेहमीच धरून चालतेस. पण वाचनालयात संगणक बघायला येणारा तो मुलगा परत येईल, "मावशी, ही कटकट काढून टाकू का?" असं परत विचारेल, तेव्हा मी तिथे नसेन. त्या वेळी नुसता माझा शब्द आठवून उपयोग नाही, त्यामागचं कारण आठवायला हवं. म्हणून हे पत्र.

तू सांगितलंस ते चित्र माझ्या डोळ्यासमोर आहे. सकाळी तू वाचनालयाचं कुलूप काढतेस, पंखा लावतेस, संगणक सुरू करतेस. पुस्तकांच्या नोंदींचा प्रोग्रॅम उघडायला गेलं की सगळा पडदा काळवंडतो आणि मधोमध पिवळ्या पट्टीची पाटी येते. या ॲपला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का? खाली पब्लिशर 'अननोन'. तू 'येस' दाबतेस. दुपारी परत उघडलास की परत तेच. सभासद समोर ताटकळत उभे असतात आणि यंत्र तुलाच विचारत बसतं. तू वैतागलीस, यात तुझं काही चुकलं नाही. वैतागायचं कारण खरं आहे, मात्र त्याचा दोष त्या पाटीवर नाही. त्याकडे मी पुढे येतो.

आधी ती पाटी विचारते काय, ते बघू. तुझ्या वाचनालयातलंच घे. देवघेवीच्या टेबलावरची मुलगी दिवसभर पुस्तकं देते, जमा करून घेते, तारखेचा शिक्का मारते. तिला कुणाची परवानगी लागत नाही. पण एखादं पुस्तक दाखल नोंदवहीतून कमी करायचं झालं, तर तू ग्रंथपाल असूनही कार्यकारिणीपुढे यादी ठेवतेस, ठराव करून घेतेस. त्यात तुझ्यावर अविश्वास नसतो. एकदा कमी केलेलं पुस्तक कुणाच्या लक्षातही राहत नाही, म्हणून तिथे एक पायरी मुद्दाम ठेवलेली असते.

विंडोजमध्ये हेच आहे. तू ॲडमिन म्हणून आत शिरलीस की ते तुझ्या नावाची दोन ओळखपत्रं तयार करतं, एक साधं आणि एक सगळ्या अधिकारांचं. पत्र टाइप करणं, मेल बघणं, नोंदी शोधणं, सगळं साध्या ओळखपत्रावर चालतं. एखाद्या प्रोग्रॅमला विंडोजच्या पोटात हात घालायचा असला, नवीन काही बसवायचं असलं, दुसऱ्याच्या फायली उघडायच्या असल्या, की तो दुसरं ओळखपत्र मागतो. तेव्हा पाटी येते. पाटी बंद केलीस तर ते मागणं बंद होत नाही. जो मागेल त्याला, तुला न विचारता, मिळत राहतं. आमच्या धंद्यात या सोयीला यूएसी म्हणतात.

ही सोय आली विंडोज व्हिस्टाबरोबर, २००७ च्या जानेवारीत. त्याआधी एक्सपीवर आपण सगळेच ॲडमिन म्हणून बसायचो आणि उघडलेला प्रत्येक प्रोग्रॅम आपल्याइतकाच मोठा मालक असायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही तीच सवय लागली होती. कुठेही लिहा, काहीही बदला, कोण विचारतंय! व्हिस्टाने विचारायला सुरुवात केली आणि लोक हैराण झाले. मायक्रोसॉफ्टच्या एका व्यवस्थापकाने २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत सरळ सांगितलं, की लोकांना त्रास व्हावा म्हणूनच ही सोय ठेवली. त्यावर पुष्कळांनी टीका केली. मला मात्र त्यात तथ्य वाटतं. गिऱ्हाइकाला त्रास झाला तर तो प्रोग्रॅम विकणाऱ्याकडे ओरडेल, आणि विकणारा आपला प्रोग्रॅम नीट लिहायला लागेल, असा तो हिशेब होता. तो बराचसा खराही ठरला. अशी पाटी आणणारे वेगवेगळे प्रोग्रॅम आणि कामं २००८ च्या ऑगस्टपर्यंत सुमारे ७,७५,००० वरून १,६८,००० वर आल्याचं त्यांच्याच अभियंत्यांनी त्याच वर्षी लिहिलं होतं. त्याच लेखात दुसरी गोष्टही होती, आणि ती तुझ्या प्रश्नाशी जास्त जवळची आहे. दहापैकी नऊ वेळा लोक 'हो' दाबत होते. वाचून नव्हे, हाताच्या सवयीने.

त्या सवयीत मीही होतो, ताई, आणि माझ्यामुळे इतरांचं नुकसान झालं. आजवर हे तुला सांगितलं नव्हतं.

पुढची कित्येक वर्षं माझ्या संगणकाच्या दुकानात नवीन मशीन आलं की विंडोज टाकायचं, ऑफिस टाकायचं, मराठीचे फॉन्ट टाकायचे आणि शेवटी यूएसीने किती विचारायचं ते ठरवणारा सरकपट्टा पार खाली ओढायचा, हा माझा ठरलेला क्रम होता. गिऱ्हाईक परत फोन करणार नाही, याची ती हमी होती. एका छापखान्याच्या मशीनवर मी असंच केलं. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, दोन दिवाळी अंकांची पानं, सगळं त्याच एका मशीनमध्ये. २०१६ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे बिल म्हणून एक झिप फाइल मेलवर आली. मालकांच्या मुलाने ती उघडली. मी पोहोचलो तेव्हा एकेक फोल्डर उघडून बघत ते दोघे उभे होते. नावं बदललेली, एकही फाइल उघडत नव्हती, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे कुठे भरायचे याची चिठ्ठी. मी म्हटलं, थांबा, विंडोज फायलींच्या जुन्या प्रती आपणहून ठेवतं, त्या काढू. 'प्रीव्हियस व्हर्जन्स' उघडलं. यादी रिकामी होती. त्या व्हायरसने फायली कुलूपबंद करायच्या जोडीला जुन्या प्रती पुसायची आज्ञाही दिली होती. ती द्यायला पूर्ण अधिकार लागतात. ते त्याला मिळाले, कारण विचारणारी पाटी मी स्वतःच्या हाताने बंद करून ठेवली होती.

त्यानंतर महिनाभरातच एका वकिलांच्या ऑफिसमधून फोन आला. तसलाच मेल, तसलीच झिप फाइल. तिथल्या टायपिस्ट बाईंनी ती उघडली आणि काहीच दिसलं नाही म्हणून पुढच्या कामाला लागल्या. थोड्या वेळाने पडदा काळवंडला आणि पाटी आली. त्या मशीनवर ती चालू होती, कारण ते मशीन माझ्या दुकानातून गेलेलं नव्हतं. बाईंनी 'नो' दाबलं. पाटी परत आली. परत 'नो'. परत आली. त्या मला म्हणाल्या, "मी काहीच केलं नव्हतं हो. मग हे मला कशाबद्दल विचारतंय?" पाच-सहा वेळा असं झाल्यावर त्यांनी मागची वायर उपटली आणि मला फोन केला. डेस्कटॉपवरच्या फायली गेल्या होत्या, माय डॉक्युमेंट्समधल्या बऱ्याचशा गेल्या होत्या. पण जुन्या प्रती जागेवर होत्या. आदल्या दिवसापर्यंतचं बहुतेक सगळं मी त्यांना काढून दिलं.

यातली एक बारीक गोष्ट तू नीट लक्षात ठेव. त्या बाईंसमोर आलेली पाटी पिवळी नव्हती, निळी होती. पब्लिशर म्हणून मायक्रोसॉफ्टचं नाव होतं, आणि ते खोटं नव्हतं. जुन्या प्रती पुसायचं अवजार विंडोजचं स्वतःचंच आहे. व्हायरस त्यालाच कामाला लावतो. म्हणजे पाटीचा रंग आणि नाव बघून बाई फसल्या असत्या. त्यांनी नाव बघितलंच नाही. त्यांनी स्वतःला विचारलं की मी आत्ता काय केलं? काहीच केलं नसेल, तर हा प्रश्न आपला नाही.

ताई, मला या सगळ्यात एवढंच सांगायचं आहे. पाटी आली की आधी आपल्या हाताकडे बघ. क्षणापूर्वी तू काही बसवायला घेतलंस का, कुठला प्रोग्रॅम उघडलास का, प्रिंटरची सीडी लावलीस का? त्यातलं काही केलं असशील तर पुढे वाच आणि ठरव. नसशील तर 'नो'. चुकून 'नो' दाबलं गेलं तर फार तर काम अडेल, ते परत करता येतं. चुकून 'येस' दाबलं गेलं तर परत मागे घेता येईलच असं नाही.

आता त्या काळवंडण्याबद्दल. तुला ते भीतीदायक वाटतं म्हणालीस, म्हणून सांगतो. पाटीच्या मागे तुझ्या कामाच्या खिडक्या अंधुक दिसतात ना, त्या खऱ्या नसतात. तो त्या क्षणाचा फोटो असतो. पुढच्या वेळी कोपऱ्यातलं घड्याळ बघ, पाटी असेपर्यंत त्यातलं मिनिट पुढे सरकत नाही. पाटी आलेली असते वेगळ्याच पडद्यावर, जिथे तुझ्या नावाने चाललेल्या इतर प्रोग्रॅमना शिरकाव नाही. एरवी एखादा लबाड प्रोग्रॅम माउस स्वतः हलवून बटण दाबू शकतो. त्या पडद्यावर त्याला ते जमत नाही. तिथे दाबणारी तू असावीस, एवढ्यासाठी सगळा पडदा अंधारा करतात. सरकपट्ट्याला चार पायऱ्या आहेत. वरून तिसऱ्या पायरीवर पाटी येते पण पडदा काळवंडत नाही. पुष्कळ लोक तडजोड म्हणून ती निवडतात. मला ती तडजोड मान्य नाही. पाटीची ताकदच त्या काळ्या पडद्यात आहे.

फोनवरून फसवणारे लोकही इथेच अडतात. ते तुला "बँकेतून बोलतोय", "कंपनीतून बोलतोय" सांगून तुझा पडदा दुरून चालवायचं सॉफ्टवेअर घ्यायला लावतात. अशा एका ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेनेही २०१९ च्या फेब्रुवारीत बँकांना सावध केलं होतं. त्यांच्या हातात तुझा माउस गेला तरी काळा पडदा आला की सहसा तो माउस त्यांना चालत नाही. म्हणून ते फोनवर विचारतात, "मॅडम, आता काय दिसतंय? येस दाबा." कुणी फोनवरून असं 'येस' दाबायला सांगितलं, तर त्याला ते तुझ्याकडून हवं आहे, कारण त्याच्याकडून होत नाही. फोन ठेव, वायर काढ. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन कर, मला नंतर केलास तरी चालेल.

तुला कुणी म्हणेल की ही पाटी असूनही लोक बुडतातच. खरं आहे, आणि तू ते माझ्याकडूनच ऐकावंस. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला, तेव्हा आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. त्याची सुरुवात झाली होती युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. लोकांनी विश्वासाने घेतलेला, आधीच आत बसलेला प्रोग्रॅम. तिथे कुणाला काही विचारलंच गेलं नाही. पुढे तो पसरला तो यंत्रांत पडून राहिलेले ॲडमिनचे पासवर्ड उचलून आणि विंडोजमधल्या एका जुन्या भोकातून. आणि वकिलांकडच्या बाईंच्याही फायली गेल्याच की. त्यांच्या स्वतःच्या फायली लिहायचा अधिकार साध्या ओळखपत्रालाही असतो, तिथे पाटी येतच नाही. वाचल्या त्या जुन्या प्रती. म्हणून पाटी चालू आहे म्हणजे बॅकअप नको, असं मी कधीच म्हणणार नाही. दाखल नोंदवही दर शनिवारी पेन ड्राइव्हवर घे, आणि घेतल्यावर पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेव. लावलेला राहिला तर तोही जातो.

आता तुझी रोजची कटकट. काल तू वाचून दाखवलंस त्यावरून मला कारण जवळजवळ कळलं आहे. वाचनालयाचा तो प्रोग्रॅम एक्सपीच्या काळात लिहिलेला आहे आणि तो आपली सगळी माहिती 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये, म्हणजे विंडोजच्या राखीव जागेत लिहितो. तिथे लिहायला साधं ओळखपत्र चालत नाही. मग कुणीतरी, बहुधा त्याच मुलाने, त्याच्या आयकॉनवर कायमची 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ची खूण करून ठेवली. काम चाललं, पण तेव्हापासून उघडताना रोज पाटी. मुलाचा मी राग धरत नाही. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. राग आहे तो लिहिणाऱ्यांवर. पुस्तकांची नोंद ठेवायला मालकी हक्क लागत नाहीत. माहिती साध्या फोल्डरमध्ये ठेवण्याएवढे कष्ट त्यांनी घेतले असते, तर आज तू 'येस' दाबायची सवय लावून घेतली नसतीस. दिवसातून पाच वेळा उगीच 'येस' दाबणारा हात सहाव्या वेळीही दाबतो. पाटी बंद करण्याइतकाच तो धोका आहे, म्हणून "सहन कर" असंही मी तुला सांगणार नाही.

इलाज असा आहे. तो प्रोग्रॅम त्या राखीव जागेतून काढून डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये बसवायचा, नाहीतर त्याच्या एकाच फोल्डरला लिहायची परवानगी द्यायची, आणि आयकॉनवरची खूण काढायची. मग तो मुकाट उघडेल. त्यानंतर तुझं रोजचं खातं 'स्टँडर्ड' करायचं आणि ॲडमिनचं खातं वेगळं, पासवर्ड लावून ठेवायचं. पाटी आली की नुसतं 'येस' चालणार नाही, तो पासवर्ड टाइप करावा लागेल. हे जास्त कटकटीचं वाटेल, पण हिशेब कर. प्रोग्रॅम नीट बसल्यावर अशी पाटी महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी येईल. तेवढ्या वेळा वही उघडून पासवर्ड बघायला तुला वेळ आहे. आणि वही उघडायला उठलीस की तेवढ्यात "मी काय केलं होतं?" हा विचार होतोच. सरकपट्टा सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवू. विंडोज मुळात तो एक पायरी खाली ठेवून देतं आणि स्वतःच्या काही कामांना न विचारता सोडतं. त्याच सवलतीच्या आडून शिरायच्या युक्त्या निघालेल्या आहेत.

मोबाइलचंही तू ओझरतं विचारलंस. तिथेही हीच रीत. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल "मला तुमचे एसएमएस वाचू द्या" म्हणाली, तर थांब. पत्रिका वाचायची आहे तुला, तिला तुझे मेसेज वाचून काय करायचं आहे? तिला हवा असतो तुझा ओटीपी. बाकी मोबाइलचं भेटल्यावर.

मी पुढच्या शनिवारी सकाळच्या एसटीने चिपळूणला येतो. वाचनालय बंद झाल्यावर दीड-दोन तास लागतील. तोवर तीन गोष्टी कर. त्या मुलाला सांग की भाऊ येऊन बघणार आहे, सेटिंगला हात लावू नकोस. त्या प्रोग्रॅमची मूळ सीडी कपाटात आहे का शोध, नसली तर ज्याने दिला त्याचं बिल तरी काढून ठेव, त्यावर फोन नंबर असेल. आणि नोंदवहीची एक प्रत आजच पेन ड्राइव्हवर घे, शनिवारची वाट बघू नकोस. प्रोग्रॅम हलवण्याआधी ती माझ्या हातात असायला हवी.

या आठवड्यात रोजची ती पिवळी पाटी आली तर तू स्वतः प्रोग्रॅम उघडला असशील तेव्हाच 'येस' दाब. दुसरी कुठलीही आली तर 'नो' दाब, वर काय लिहिलं होतं ते वहीत उतरून घे आणि मला फोन कर. मी दुकानात असेन, गिऱ्हाईक असलं तरी उचलेन.

भाऊजींना नमस्कार. येताना तुझ्यासाठी काकवी आणतो.

तुझा,
धाकटा